सांडोरहून लढवलेली विलायतेतली निवडणूक

१९५६ च्या जूनमध्ये मी वसईतल्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले. मुख्याध्यापकांनी वर्ग दाखवला, हजेरीपट हातात दिला आणि म्हणाले, "अनसूयाबाई, काही अडलं तर रेजिनाबाईंना विचारा."

रेजिना तुस्कानो तेव्हा पस्तिशीच्या होत्या. सांडोरच्या. सांडोर म्हणजे वसईलगतचंच गाव; तिथे वडिलांची केळीची आणि पानवेलींची बाग. बाई चौथीला गणित शिकवायच्या, चर्चमध्ये गायच्या, आणि गावातल्या निम्म्या लोकांचे अर्ज लिहून द्यायच्या. त्यांच्याविषयी एक गोष्ट मात्र मला पहिल्याच आठवड्यात तिघांनी सांगितली: या बाईंनी विलायतेच्या पार्लमेंटात एक माणूस निवडून आणला. मी हसले. आमच्या घरी जाऊन सांगितलं तेव्हा आईही हसली. पण पुढे बाईंची आणि माझी मैत्री जुळली, त्यांनी मला पत्रं वाचायला दिली, आणि माझं हसू थांबलं. जे वाचलं, जे त्यांच्या तोंडून ऐकलं आणि जे शेवटी डोळ्यांनी पाहिलं, ते लिहिते आहे.

लढाईच्या दिवसांत, १९४४ च्या सुरुवातीला, एका लष्करी तुकडीने वसईजवळच्या पाचूबंदरचा किनारा सरावासाठी ताब्यात घेतला आणि काटेरी तारेचं कुंपण घातलं. कोळ्यांच्या होड्या जिथे लागायच्या, नेमकं तिथेच. होड्या लांब वळसा घालून चिखलात लावाव्या लागत आणि बायकांना मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन गुडघाभर गाळातून यावं लागे. ओरड झाली, तेव्हा लष्कराने तक्रारी ऐकायला एक अधिकारी पाठवला. कॅप्टन आर्थर पेलिंग. उंच, किडकिडीत, चाळिशीचा माणूस. तो काही जन्माचा शिपाई नव्हता. उत्तर इंग्लंडातल्या एका सूतगिरण्यांच्या गावात तो सॉलिसिटर होता. म्हणजे कोर्टात उभं राहून भांडणारा वकील नव्हे, कचेरीत बसून लोकांची खरेदीखतं, करार, मृत्युपत्रं करून देणारा. लढाई लागली म्हणून अंगावर गणवेश चढला.

त्याच्या राहण्यासाठी तुस्कानोंच्या घराची माडी घेतली गेली. आणि घरात इंग्रजी येणारी, वांद्र्याला मावशीकडे राहून टाइपिंग शिकून आलेली, शाळेत शिकवणारी तेवीस वर्षांची मुलगी होती, म्हणून दुभाष्याचं काम रेजिनाबाईंकडे आलं.

पहिल्या दिवशी पाचूबंदरला कॅप्टन एका उलट्या टोपलीवर बसला आणि वही उघडली. लोक बोलायला तयार नव्हते. शेवटी आग्नेस नावाची एक कोळीण पुढे आली. पन्नाशीची, खणखणीत आवाजाची.

"याला विचार," ती म्हणाली, "दर्या कोनाचा? याच्या राजान खनला काय?"

 रेजिनाबाईंनी इंग्रजीत सौम्य करून सांगितलं, की या बाई म्हणतात, फार त्रास होतो.

कॅप्टनने मान वर केली. "मिस तुस्कानो, त्या एवढ्या जोरात एवढंच म्हणाल्या? गाळून सांगू नका. अर्धं ऐकून मी अहवाल कसा लिहू?"

मग बाईंनी शब्दन्‌शब्द सांगितला. त्यांना वाटलं, आता आग्नेसला शिपाई धरून नेतील. कॅप्टनने ते वाक्य जसंच्या तसं वहीत लिहिलं, वाचून दाखवलं आणि विचारलं, "असंच ना? काही राहिलं का?"

आग्नेसने मागे वळून इतर बायकांकडे पाहिलं. "बसा गं," ती म्हणाली. "हा ऐकतोय."

तीन आठवड्यांनी तारेच्या मधोमध होड्या येतील एवढी रुंद वाट उघडली. भरतीच्या वेळी दोनदा शिपाई येऊन ती खुली करायचा. बाई मला सांगत होत्या, "अनसूया, मी तोवर मुलांना कर्ता, कर्म, क्रियापद शिकवत होते. वाक्यात एवढी ताकद असते हे मला ठाऊकच नव्हतं. आग्नेसने म्हटलेलं एक वाक्य कागदावर गेलं आणि तारेला दार झालं!"

पेलिंग दीड वर्ष माडीवर राहिला. सुकेळी, म्हणजे इकडची उन्हात सुकवलेली गोड केळी, त्याला फार आवडायची. बाईंचे वडील पास्कल आणि तो संध्याकाळी ओट्यावर बसायचे. दोघांना एकमेकांची भाषा येत नसे, तरी तास तास जायचा.

१९४५ च्या मे महिन्यात विलायतेत निवडणूक जाहीर झाली. पेलिंगला त्याच्या गावाहून पत्र आलं. लढाईपूर्वी त्याने तिथल्या गिरणी कामगारांची, घराबाहेर काढलेल्या भाडेकरूंची कामं फुकट केली होती. त्या लोकांनी विचारलं होतं, मजूर पक्षातर्फे उभे राहाल का? त्याने हो कळवलं. लष्कराने रजा दिली, आठ जूनच्या विमानात जागाही दिली.

पाच तारखेला त्याला ताप भरला. मलेरिया. दोन दिवसांत तो बरळायला लागला. मुंबईहून लष्कराचा डॉक्टर आला आणि म्हणाला, "याला हलवायचं नाही. ताप मेंदूत जाईल." विमान गेलं. मतदान पाच जुलैला, आणि उमेदवार सांडोरच्या माडीवर घोंगडीखाली कुडकुडतोय.

बाईंच्या आईने, अँजेलिनाबाईंनी, आपल्या पोटच्या मुलाची करावी तशी त्याची शुश्रूषा केली. भाताची पेज, लिंबाचं पाणी, कपाळावर ओल्या पट्ट्या. चौथ्या दिवशी ताप उतरला तेव्हा तो म्हणाला, "मिस तुस्कानो, माझा टाइपरायटर घ्या. मतदारांना पत्र लिहायचंय."

तिथल्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक उमेदवार आपलं निवेदन छापून घरोघर पाठवतो. पेलिंगला प्रचाराला जाता येणार नव्हतं. त्याची बायको एडिथ दारोदार फिरणार होती आणि तिच्या हातात फक्त हे पत्र असणार होतं. तो डोळे मिटून सांगायचा, बाई टाइप करायच्या. मध्येच ताप चढला की थांबायचं. दोन दिवस हेच चाललं. घरं, पेन्शनी, इस्पितळं, कामगारांच्या सुट्ट्या. दुसऱ्या दिवशी बाईंची बोटं थांबली.

"थकलात?" त्याने विचारलं.

"नाही. तुम्ही तिथल्या प्रत्येक माणसाबद्दल बोललात. पण हे पत्र जिथे बसून लिहिताय त्या जागेबद्दल यात एक अक्षर नाही."

त्याने डोळे उघडले. मग म्हणाला, "तुम्ही काय लिहिलं असतं?"

 बाई म्हणाल्या, "मी लिहिलं असतं, की हिंदुस्थानातल्या लोकांचं घर त्यांच्या ताब्यात लवकरात लवकर द्यावं, कारण ते चालवायला ते समर्थ आहेत."

"टाइप करा," पेलिंग म्हणाला.

पत्र विमानाच्या डाकेने गेलं. आठ-नऊ दिवसांनी तिथल्या त्याच्या प्रचारप्रमुखाची तार आली: हिंदुस्थानचं वाक्य गाळा, इथल्या गिरणी कामगारांना हिंदुस्थानी कापडाचा राग आहे, मतं जातील. पेलिंगने तार बाईंपुढे धरली. "काय करू?"

"निवडणूक तुमची आहे," बाई म्हणाल्या, आणि खाली निघून गेल्या. त्या रागावल्या होत्या, की घाबरल्या होत्या, ते त्यांना आजही सांगता येत नाही.

पेलिंगने बायकोला उलट तार केली: एडिथ, तू ठरव.

एडिथने वाक्य ठेवलं. पुढे तिने बाईंना स्वतः लिहिलं. एका दारात एक विणकर तिच्यावर खेकसला होता, "आमच्या पोटावर पाय देणाऱ्यांची वकिली करता?" त्यावर ती म्हणाली, "माझा नवरा तिथे एका घरात तापाने पडलाय. त्या घरातली माणसं त्याला पेज भरवताहेत. त्यांचं घर त्यांचं असावं की नसावं, तुम्हीच सांगा."  विणकराने दार लावलं नाही.

मतदान झालं, पण लढाईवर असलेल्या शिपायांची मतं जगभरातून यायची होती म्हणून पेट्या तीन आठवडे बंद राहिल्या. पेलिंगचा ताप पुन्हा उलटला होता, पुन्हा उतरला होता. सत्तावीस जुलैला दुपारी तो ओट्यावर खुर्चीत बसला असताना टपालवाला तार घेऊन आला. त्या काळी घरात तार येणं म्हणजे कुणीतरी गेल्याची बातमी. अँजेलिनाबाईंनी क्रूसाची खूण केली. पास्कल हातातलं विड्याच्या पानांचं बिंडं खाली ठेवून उभे राहिले. पेलिंगने तार वाचली आणि बाईंकडे दिली. 

"कोण गं?" पास्कलनी विचारलं. "बायको?"

"बा," रेजिनाबाई म्हणाल्या, "हे निवडून आले. आठशे बारा मतांनी."

पास्कलना कळेना. "तिथे न जाता?"

"तिथे न जाता."

"आपल्या माडीवर झोपून?"

"हो, बा."

पास्कल मग हळूच खाली बसले. आयुष्यात त्यांना मतदानाचा हक्क नव्हता, आणि ते कसं देतात हेही त्यांनी पाहिलं नव्हतं. हजारो माणसांनी, ज्यांनी या माणसाला वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं, एकेक चिठ्ठी टाकली आणि तापाने पिवळा पडलेला, पास्कलच्या घोंगडीत गुंडाळलेला हा पाहुणा राज्य चालवणाऱ्यांत जाऊन बसणार होता. त्यांनी एवढंच म्हटलं, "केवढी मोठी गोष्ट रे देवा." आणि आत जाऊन सुकेळीचा पुडा आणून त्याच्या मांडीवर ठेवला.

बातमी पाचूबंदरला गेली तेव्हा तिथे भलतंच झालं. कुणीतरी ओरडत आलं, "पेलिंग सायबाची तार आली!" आग्नेस कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आनखी तार? हाय तीच कोन काढत नाय!"

दोन दिवसांनी तो विमानाने गेला.

लढाई संपली, सराव संपला, शिपाई गेले. कुंपण मात्र तसंच राहिलं. आता तर वाट उघडायलाही कोणी नव्हतं. बाईंनी अर्ज लिहिला, त्रेचाळीस अंगठे घेतले आणि पाठवला. उत्तर आलं, विचाराधीन आहे. पुन्हा लिहिला. पुन्हा विचाराधीन. पावसाळ्याआधी होड्या वर ओढून शाकारायच्या असतात. त्या कुठे ओढायच्या हा प्रश्न पुढे आला, तेव्हा १९४६ च्या फेब्रुवारीत बाईंनी पेलिंगला पत्र लिहिलं. चार ओळींचं. त्यांना मागणं जड गेलं होतं.

एप्रिलमध्ये एक लिफाफा आला. आत छापील पान होतं, पार्लमेंटच्या कामकाजाचं. त्यात मिस्टर पेलिंग यांनी युद्धखात्याच्या मंत्र्यांना विचारलं होतं, की मुंबईच्या उत्तरेला वसईजवळ, पाचूबंदर नावाच्या गावी, कोळ्यांच्या होड्या लागण्याच्या जागी लष्कराचं कुंपण अजून का उभं आहे, आणि ते कोणत्या तारखेला निघेल. मंत्र्यांचं उत्तर होतं, चौकशी करून कळवतो. पेलिंग पुन्हा उठला होता: "कोणत्या तारखेला?"

बाई ते पान घेऊन पाचूबंदरला गेल्या. सगळे जमले. बाईंनी वाचलं, मग मराठीत सांगितलं.  आग्नेसने पान हातात घेतलं. तिला वाचता येत नव्हतं. "आमचा गाव कुठं हाय यात?" बाईंनी बोट ठेवलं. आग्नेसने त्या जागी आपलं बोट ठेवलं, मग तिच्या मुलाने, मग सुनेने. ज्याला त्याला त्या अक्षरांना हात लावायचा होता. बाई म्हणाल्या, "मी रडले. का रडले कुणास ठाऊक. जगाच्या त्या टोकाला, एवढाल्या लोकांसमोर, एक माणूस उभा राहून आमच्या होड्यांचं विचारतो आणि मंत्र्याला उठून उत्तर द्यावं लागतं. मला पृथ्वी एकदम लहान वाटली, आणि माणूस फार मोठा."

मेच्या पहिल्या आठवड्यात ट्रक आले. चार दिवसांत खांब उपटून गेले.

पुढच्या वर्षीचं पत्र मी अनेकदा वाचलं आहे. जुलै १९४७. पेलिंगने लिहिलं होतं: "तुमच्या देशाच्या स्वातंत्र्याचं विधेयक आज सभागृहाने संमत केलं. मत द्यायला मी सकाळपासून जागेवर बसून होतो. पण विरोध कुणी केलाच नाही, त्यामुळे मोजणीची वेळ आली नाही. अध्यक्षांनी विचारलं, आम्ही 'होय' म्हणालो, आणि झालं. त्या आवाजात माझा एक आवाज होता. मिस तुस्कानो, मला तुमच्या वडिलांच्या ओट्याची आठवण झाली. एवढं मोठं काम इतक्या थोड्या वेळात होतं याचं मला भय वाटलं, आणि ते पाहायला मी तिथे होतो याबद्दल मी देवाचे आभार मानले."

पास्कलनी ते पत्र तीन वेळा वाचून घेतलं.

१९५० मध्ये तो पुन्हा निवडून आला, जेमतेम. १९५१ च्या ऑक्टोबरात हरला. तेव्हाचं पत्र आलं तेव्हा बाईंना वाटलं, आता हा माणूस मोडला असेल. पत्रात मात्र एक गंमतच होती. हरल्याच्या दुसऱ्या दिवशी तो आपल्या जुन्या कचेरीत जाऊन बसला. पहिली आली ती गिरणीतून निवृत्त झालेली एक म्हातारी. म्हणाली, "काल मी तुम्हाला मत दिलं नाही. आधीच सांगून टाकते. पण मृत्युपत्र मात्र तुमच्याकडूनच करून घेणार." त्याने खुर्ची पुढे ओढली आणि लिहायला घेतलं. शेवटी एक ओळ होती: "सहा वर्षांत मला मिळालेला हा सर्वांत मोठा मान."

बाईंना ते पत्र पचायला वेळ लागला. आपल्याकडे माणूस एकदा वर चढला की खाली उतरत नाही, उतरवलाच तर गाव सोडून जातो. इथे एक माणूस राज्याच्या सभेतून उठून सरळ आपल्या टेबलाशी येऊन बसला होता.

दोन-अडीच महिन्यांनी, १९५२ च्या जानेवारीत, आपल्या देशाची पहिली निवडणूक झाली. शिक्षकांना कामाला लावलं. बाईंना जूचंद्र गावचं मतदान केंद्र मिळालं. मिठागरांच्या बांधावरून लोक सकाळपासूनच येत होते, धुतलेले कपडे घालून, कुणी मुलांना कडेवर घेऊन. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह, आणि पडद्याआड जाऊन चिठ्ठी टाकायची. दुपारी रुक्मिणी नावाची एक म्हातारी मिठागरवाली आत गेली आणि चिठ्ठी हातात घेऊनच बाहेर आली.

"आजी, चिठ्ठी पेटीत टाकायची," बाई म्हणाल्या.

"नाय टाकनार. हा सरकारान मला दिला. माझ्या नावाचा कागद कधी कोनी दिला नव्हता. घरी नेते."

रांग खोळंबली. कुणी हसलं. बाई उठून तिच्याजवळ गेल्या. "घरी नेलात तर तो नुसता कागद होईल. पेटीत टाकलात तर दिल्लीत कोण बसणार ते तुम्ही सांगितल्यासारखं होईल."

"मी सांगायचा?"

"तुम्ही."

"आन ते ऐकतील?"

"मोजावंच लागेल त्यांना."

म्हातारीने चिठ्ठीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि परत पडद्याआड गेली. खूप वेळ आली नाही. बाहेर आली तेव्हा ताठ चालत होती, असं बाई म्हणायच्या, आणि सांगताना स्वतःही ताठ बसायच्या.

इथवरचं मी ऐकलेलं. १९५७ च्या डिसेंबरात पेलिंग वसईला आला, तो मी पाहिला. माझ्या मनात केवढी तरी भव्य मूर्ती होती. प्रत्यक्षात टक्कल पडलेला, उन्हाने लाल झालेला, हातात छत्री घेतलेला एक साधा माणूस तुस्कानोंच्या ओट्यावर बसला होता. पास्कल थकले होते, त्यांना नीट दिसत नव्हतं. त्यांनी त्याचा हात धरला तो जेवायला उठेपर्यंत सोडला नाही. आग्नेस आदल्या वर्षी वारली होती. तो तिच्या थडग्यावर जाऊन आला.

जेवणानंतर मी धीर करून विचारलं, की पुन्हा उभं राहावंसं वाटत नाही का? बाईंनी भाषांतर केलं. तो म्हणाला, त्याच्या गावाने आता एका तरुण बाईला पाठवलंय आणि ती त्याच्यापेक्षा बरं बोलते. मग तो बाईंकडे वळला. "आणि तुम्ही?"

बाई लाजल्या. गेले काही महिने लोक त्यांच्या मागे लागले होते, ग्रामपंचायतीला उभ्या राहा म्हणून. तोवर गावात एकही बाई निवडून आली नव्हती. त्या टाळत होत्या. हे मीच त्याला माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगितलं.

"हरलात तर काय होईल?" त्याने विचारलं.

बाईंनी विचार केला. "दुसऱ्या दिवशी शाळा असेल."

"मग अडचण काय आहे?"

बाई हसल्या. तो दुसऱ्या दिवशी गेला. पुन्हा आला नाही. पत्रं येत राहिली.

बाई पुढच्या वर्षी उभ्या राहिल्या. विरोधात हरेश्वर नावाचे जुने सभासद होते, भला माणूस, पण वीस वर्षं कुणी प्रश्न न विचारलेला. प्रचारात बाईंनी भाषण केलं नाही. घरोघर गेल्या आणि लोकांचं ऐकून वहीत लिहून घेतलं. एकतीस मतांनी निवडून आल्या. एक आळी अशी होती की तिथलं एकही मत त्यांना पडलं नसावं. बागायतदारांची बाजू घेतली असती तर चाललं असतं, कोळणींची वकिलीण कशाला, असं तिथे उघड बोललं गेलं होतं.

निकालाच्या तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या मला म्हणाल्या, "अनसूया, चल जरा." आम्ही त्याच आळीत गेलो. लोक दारांतून बघत होते. कुणी या म्हटलं नाही. बाई पहिल्या घराच्या ओट्यावर न विचारताच बसल्या, मांडीवर वही उघडली, पेन्सिलीला टोक आहे का पाहिलं आणि दारातल्या माणसाला म्हणाल्या, "बोला."